सुताराचें बांक

(शाळेच्या ओट्यावर शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



मास्तर बोलावयास उभा राहिला म्हणजे तो विद्येचें महत्त्व सांगणार आणि खालीं बसणार, हें तुम्हांला पाठ झालें आहे. आजही मी विद्येवरच बोलणार आहें, पण ती पाटीपुस्तकांत सांपडणारी नव्हे. माझ्या बाजूला हें जें लांकडाचें जड धूड उभें आहे, त्यावर बोलणार आहें. हें सुताराचें बांक. गेल्या पावसाळ्यांत तें शाळेच्या मागें चिखलांत पडलें होतें आणि सरपणाच्या भावानें विकून टाकावें असें ठरत आलें होतें. तें कसें वांचलें, कसें दुरुस्त झालें, आणि त्या कामांत मीं स्वतः कोणती चूक केली, हें आज उघड सांगावयाचें आहे. ज्यांना घरीं असें बांक करावयाचें असेल त्यांना यांतून मापें व युक्त्या मिळतील. ज्यांना करावयाचें नसेल त्यांना आपल्या गांवच्या सुताराच्या अंगाला काय कष्ट पडतात एवढें तरी कळेल.

"नाचतां येईना, अंगण वांकडें" ही म्हण आपण कारागिराला फार लवकर ऐकवितों. पण अंगण खरोखरच वांकडें असलें तर? रंध्याचें पातें कितीही पाजळलेलें असो, खालचें लांकूड हललें कीं मेहनत वायां गेली. विजेचें यंत्र आपल्या जागीं पक्कें असतें आणि लांकूड त्याच्याकडे सरकवितां येतें. हाताच्या कामांत याच्या उलट आहे. तेथें लांकूड पक्कें पाहिजे आणि हत्यार चाललें पाहिजे. म्हणून करवत, रंधा, पटाशी यांच्याही आधीं लांकूड धरून ठेवण्याची सोय लागते.

आतां कोणी म्हणेल, आमच्या आज्यापणज्यांनीं बांकाशिवायच नांगर केले, गाड्या केल्या, वाड्यांचे खांब कोरले. अगदीं खरें. आपला सुतार जमिनीवर बसतो, पुढें ठोकळा घेतो, आणि टांचेनें व अंगठ्यानें लांकूड दाबून धरतो. शहरांतले कारागीर ज्याला वाइस म्हणतात तो शेगडा आपल्या सुताराच्या पायांतच असतो. आपली जुनी करवत ओढतांना कापते, कारण बसलेल्या माणसाला ओढण्यांत जोर मिळतो. जपानांतले सुतारही ओढून कापणारी करवत वापरतात आणि पुष्कळ काम बसून करतात. त्यांच्या कामाची कीर्ति जगभर आहे. तेव्हां जमिनीवर बसून काम करणें ही अडाण्यांची रीत आहे असें कोणी म्हणेल तर त्याचें ऐकूं नका.

पण त्या रीतीची किंमत गुडघ्यांना द्यावी लागते. आपल्या गांवचे सुतारकाका येथें पुढेंच बसले आहेत. त्यांच्या परवानगीनेंच मी हें सांगतों. चाळीस वर्षें उकिडवें बसून काम केल्यावर त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनीं मांडी घालण्याची व उकिडवें बसण्याची बंदी केली. गेल्या श्रावणांत एके सकाळीं मी शाळेला येत असतां त्यांच्या दारांत भंगारवाल्याचा कांटा टांगलेला पाहिला. तीन पिढ्यांचे रंधे, पटाश्या, गिरमिटें किलोवर मोजलीं जात होतीं. मीं विचारलें, "काका, हें काय चालविलें आहे?" ते म्हणाले, "गुरुजी, बसवत नाहीं. बसल्याशिवाय काम कसें करूं?" मीं म्हटलें, "मग उभे राहून करा." त्यावर ते हंसले आणि म्हणाले, "उभा राहिलों तर लांकूड धरूं कशानें? पाय तर जमिनीला लागले!"

या एका वाक्यांत सुतारकामाचें सगळें शास्त्र आलें. ज्याचे पाय लांकूड धरण्यांतून सुटले, त्याला दुसरें कांहीं तरी धरणारें पाहिजे. तेव्हां मला शाळेमागचें तें धूड आठवलें. वर्ध्यास १९३७ सालीं शिक्षण परिषद भरली आणि तींतून मूलोद्योगी शिक्षणाची योजना निघाली. सूतकताई, शेती, सुतारकाम अशा उद्योगांतून मुलांनीं शिकावें असा तिचा विचार होता. त्या विचाराच्या दिवसांत हें बांक शाळेंत आलें, असें म्हातारी मंडळी सांगतात. पुढें उद्योग गेला आणि बांक अडगळींत पडलें. भंगारवाल्याला मीं परत पाठविलें आणि बांकाला चौघांच्या खांद्यावर या ओट्यावर आणलें.

आतां दुरुस्तीकडे वळूं.

पहिलें काम परीक्षेचें. बांक उलटें करून चाकूचें टोंक जागोजाग टोंचून पाहिलें. निरोगी लांकडांत टोंक अडतें, कुजलेल्यांत लोण्यासारखें आंत जातें. बारीक भोंकांतून पिठासारखा भुसा गळत असेल तर कीड जिवंत आहे असें समजावें. वरची फळी सागाची, सहा फूट लांब, वीस इंच रुंद आणि तीन इंच जाड. ती निरोगी निघाली. पाय मात्र खालून कुजलेले होते आणि शेगड्याचा स्क्रू गंजून मोडला होता. मग लोहचुंबक फिरवून फळींतले खिळे शोधले व एकूणएक उपटले. एक खिळा राहिला तर पात्याचा घात होतो.

दुसरें काम थांबण्याचें, आणि तेंच सर्वांत अवघड. भिजलेलें लांकूड लगेच रंधूं नये. लांकूड हवेंतलें पाणी पिऊन रुंदीला फुगतें आणि वाळल्यावर आक्रसतें. लांबींत जवळजवळ फरक पडत नाहीं. पावसाळ्यांत सपाट केलेली फळी उन्हाळ्यांत पुन्हां वांकडी होते. आम्हीं ती ओट्यावर सांवलींत, खालीं चार विटा देऊन, सगळीकडून वारा लागेल अशी ठेविली आणि पौषापर्यंत हात लावला नाहीं. याच कारणानें रुंद फळीला आडवी पट्टी खिळ्यांनीं चहूंकडून जखडूं नये. फळीला फुगण्यास व आक्रसण्यास वाव राहिला नाहीं तर ती फुटते.

तिसरें काम पायांचें. एका शेतकरी पालकांनीं बाभळीचे चार खांब दिले. त्यांनीं ते ओढ्याच्या पाण्यांत बरेच महिने बुडवून मग सांवलींत वाळविलेले होते. असें केल्यानें बाभळीला कीड कमी लागते, हें आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पायाच्या माथ्यावर जी जीभ काढतात तिला कुसूं म्हणतात. ती फळीच्या भोंकांत बसते. ती जन्मभर ढिली होऊं नये म्हणून काकांनीं एक युक्ति केली. फळीच्या कडेंतून खुंटीसाठीं भोंक पाडलें, पण जिभेंतलें भोंक त्याच्याशीं तंतोतंत न जुळवितां अर्धें सूत खांद्याकडे सरकवून पाडलें. इंचाचे आठ भाग केले म्हणजे एक भाग तें एक सूत. मग निमुळती खुंटी ठोकली. खुंटी वांकडी वाट काढीत जाते आणि जिभेला आंत ओढून घेते. सरस नाहीं, खिळा नाहीं, तरी सांधा आवळला जातो. वाळवी लागूं नये म्हणून प्रत्येक पायाखालीं सपाट दगड दिला.

चौथें काम फळी सपाट करण्याचें. ती मध्यें तीन सूत खोल गेली होती आणि तिला पीळही पडला होता. पीळ ओळखावयास दोन सरळ, सारख्या रुंदीच्या पट्ट्या पुरतात. एक या टोंकाला आडवी ठेवावी, दुसरी त्या टोंकाला. वांकून एका डोळ्यानें पहिलीच्या कडेवरून दुसरीची कड पाहावी. दोन्ही कडा समांतर दिसल्या तर पीळ नाहीं. पलीकडचा एक कोपरा वर दिसला तर तो आणि अलीकडचा त्याच्या तिरकस समोरचा, असे दोन कोपरे उंच आहेत. ते आधीं उतरवावे. रंधा प्रथम आडवा, लांकडाच्या रेषांना छेदून चालवावा. पातें किंचित् गोलाईचें ठेवावें, म्हणजे लांकूड भराभर निघतें. पलीकडची कड अगोदर थोडी तिरपी घासून घ्यावी, नाहींतर ती फुटते. मग रंधा तिरका चालवावा आणि शेवटीं रेषांच्या दिशेनें लांब. फळीवर कोळशाच्या आडव्यातिडव्या रेघा मारून ठेविल्या तर जेथली रेघ पुसली गेली नाहीं तेथें खळगा उरला असें कळतें. सागांत वाळूच्या जातीचा अंश असतो, त्यामुळें पातें लवकर बोथटतें. तेव्हां पाजळण्याचा दगड जवळच ठेवावा. फळीला आरशासारखी चकाकी आणण्याच्या भरीस पडूं नये. चकचकीत बांकावर लांकूड घसरतें.

नंतर जवसाच्या तेलाचा एक पातळ हात दिला. येथें एक धोक्याची सूचना देतों. या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोंपऱ्यांत टाकूं नका. त्या आपोआप तापतात आणि पेट घेतात. त्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्या किंवा पाण्यांत बुडवाव्या.

आतां राहिली धरण्याची सोय. नव्या शेगड्याची किंमत ऐकून आम्ही गप्प बसलों होतों. तेव्हां मीं वाचन सुरू केलें आणि त्या वाचनानें आमचें मोठें काम केलें. फ्रान्स देशांत आंद्रे जाकोब रूबो नांवाचा सुतार होऊन गेला. तो १७३९ सालीं जन्मला, बापही सुतारच. त्यानें हातानें काम करीत भूमितीचा अभ्यास केला आणि १७६९ ते १७७५ या काळांत सुतारकामावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीनें तो आपल्या ग्रंथमालेंत घेतला. स्कॉटलंडांत पीटर निकल्सन म्हणून एका पाथरवटाचा मुलगा होता. तो कपाटें-टेबलें करण्याचा धंदा शिकला आणि १८१२ सालीं त्यानेंही कारागिरांसाठीं असाच ग्रंथ काढला. रूबोच्या चित्रांतलें बांक पाहिलें तर एक जाड फळी, चार पाय, एक चौकोनी खुंट, एक आंकडा आणि एक वांकडा लोखंडी गज एवढेंच त्याचें मुख्य भांडवल आहे. हें सर्व आपल्या गांवांत होण्याजोगें आहे, आणि आम्हीं तें केलें.

खुंट असा. बांकाच्या डाव्या टोंकाजवळ अडीच इंच चौरस भोंक पाडून त्यांत बाभळीचा घट्ट खुंट बसविला. मोगरीनें खालून ठोकला कीं वर येतो, वरून ठोकला कीं खालीं जातो. रंधावयाचें लांकूड त्याला टेकवावें. रंध्याचा जोरच लांकडाला खुंटाशीं दाबून ठेवतो. लांकूड रुंद असून फिरूं लागलें तर एका फळकुटाच्या टोंकाला काटकोनाची खांच पाडून ती लांकडाच्या मागच्या कोपऱ्याशीं भिडवावी.

हें फळकूट धरावयाला लोखंडी गज लागतो. तो आपल्या लोहारदादांनीं केला. पाऊण इंच जाडीच्या गजाचें वरचें टोंक तापवून उंटाच्या मानेसारखें वांकविलें आणि शेवटाला चपटा पंजा काढला. फळींत गजाहून किंचितच मोठें, सरळ उभें भोंक पाडलें. पंज्याखालीं लांकूड ठेवून माथ्यावर एक ठोका दिला कीं गज भोंकांत तिरका अडकतो आणि लांकूड जखडलें जातें. मागून एक ठोका दिला कीं सुटतो. गज फार गुळगुळीत असेल तर कानशीनें आडवे ओरखडे मारावे. फळी चार इंचांहून जाड असली तर भोंक खालच्या बाजूनें रुंद करावें, नाहींतर गज नीट धरत नाहीं.

फळीची कड रंधावयाची तर ती उभी धरावी लागते. त्यासाठीं डाव्या टोंकाला पुढच्या कडेवर बाभळीचा आंकडा बसविला. फळीचें टोंक त्यांत अडकतें आणि पुढच्या पायांतल्या खुंट्यांवर तिचें वजन टेकतें. म्हणून पुढच्या पायांची बाहेरची बाजू वरच्या फळीच्या कडेशीं एका रेषेंत असली पाहिजे. बांक करतांना हें ध्यानांत ठेवलें नाहीं तर पुढें इलाज नाहीं.

आतां माझी चूक सांगतों. ज्या वाचनानें खुंट आणि गज दिला, त्यानेंच मला फसविलें. एका इंग्रजी पुस्तकांत बांकाची उंची ३४ इंच लिहिली होती. मीं काकांना न विचारतां तीच धरली. काका सव्वापांच फूट उंचीचे. दोन दिवस त्यांनीं त्यावर काम केलें आणि एक शब्द बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं पाहतों तों ते दोन विटांवर उभे राहून रंधा मारीत होते. गुडघे दुखणारा माणूस विटांवर! मीं विचारलें, "काका, विटा कशाला?" ते म्हणाले, "गुरुजी, पुस्तकांत चूक नसेल, माझीच उंची कमी पडली असेल."

मंडळी, तें ऐकून माझी मान खालीं गेली. छापील अक्षराचा आपल्या लोकांवर एवढा धाक बसला आहे कीं खांदे भरून आले तरी माणूस स्वतःलाच दोष देतो. पुस्तक लिहिणाऱ्यानें आपल्या उंचीचें माप लिहिलें होतें. त्याचा दोष नाहीं. तें माप डोळे मिटून येथें लावणारा मी दोषी. त्याच दिवशीं चारही पाय चार चार इंच कापले. उंचीचें खरें माप ज्याचें त्याच्या अंगावर असतें. सरळ उभें राहावें, हात सैल सोडावे, आणि करंगळी जेथें तळहाताला मिळते तेथवर बांक यावें. मग रंधा मारतांना नुसत्या दंडाचा जोर न लागतां सगळ्या अंगाचें वजन कामाला येतें. पटाशीच्या बारीक कामाला थोडें उंच चालतें; त्यासाठीं बांकावर ठोकळा ठेवावा. लहान मुलांसाठीं पायाखालीं पाट द्यावा.

ज्यांना एवढें मोठें बांक परवडणार नाहीं त्यांनींही निराश होऊं नये. जर्मनींत सालबुर्ग येथें रोमन लोकांचें जुनें लष्करी ठाणें आहे. तेथल्या विहिरींत सुमारें अठराशें वर्षांपूर्वींचें एक लांकडी बांक सांपडलें. तें ठेंगणें आहे. अशा गुडघाभर बांकावर घोड्यावर बसल्यासारखें बसतां येतें आणि मांडीखालीं लांकूड दाबतां येतें. जमिनीवर बसवत नाहीं पण खुर्चीवर बसवतें, अशा माणसाला एक जाड फळी आणि चार तिरपे पाय एवढ्यांत ही सोय होईल.

आज काका सकाळचे तीन तास या बांकावर काम करतात. पहिलें काम त्यांनीं शाळेच्या दाराची कुजलेली फळी बदलण्याचें केलें, दुसरें एका घरच्या पोळपाटाचें. त्यांचे गुडघे बरे झाले नाहींत. बांक म्हणजे औषध नव्हे. पण हत्यारांची पेटी घरांत आहे. त्यांचा मुलगा शहरांत फर्निचरच्या कारखान्यांत आहे. तो यात्रेला आला तेव्हां बराच वेळ बांकावर हात फिरवीत उभा राहिला आणि जातांना सगळीं मापें उतरवून घेऊन गेला. तो परत येईल असें मी म्हणत नाहीं. यंत्राच्या कारखान्याशीं हातानें स्पर्धा होणार नाहीं, हेंही मला कळतें. पण मोडलेली नांगराची रुमणी, दाराची चौकट, म्हातारीची रवी यांसाठीं गांवाला सुतार लागतोच, आणि त्याला उभें राहण्यास जागा देणें हें गांवाचें काम आहे.

शनिवारीं आमचीं सातवीचीं मुलें काकांपाशीं शिकतात. त्यांत सुतारांचींच मुलें आहेत असें नाहीं, आणि मुलीही आहेत. शिकतांना काका जें बोलतात तें त्यांनीं एका वहींत लिहून ठेवावें असा मीं नेम केला आहे. रूबोनें लिहिलें म्हणून अडीचशें वर्षांनीं आपल्या गांवाला उपयोग झाला. आपल्या सुतारांनीं, लोहारांनीं, कुंभारांनीं काय कमी शोधलें होतें? पण तें लिहिलें गेलें नाहीं, आणि प्रत्येक म्हाताऱ्याबरोबर थोडें थोडें गेलें. अर्धें सूत सरकविलेल्या भोंकाची युक्ति काकांना त्यांच्या वडिलांनीं शिकविली. ती आतां त्या वहींत पहिल्या पानावर आहे.

तेव्हां माझें मागणें एवढेंच. कोणाच्या पडक्या घरांत जुनी तुळई, जाड फळी असेल तर सरपणाला देण्यापूर्वीं तिला चाकूचें टोंक लावून पाहा. घरांत म्हातारा कारागीर असेल तर त्याच्या उंचीचें माप घ्या. आणि तो जें सांगेल तें मुलाकडून लिहून घ्या. वही मी देईन.

काका, आतां उठा आणि गज ठोकून दाखवा. माझ्या बोलण्यापेक्षां मंडळींना तो जास्त पटेल.